चौथ्या मजल्याचं बटण

धाकटीला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू, म्हणजे नंतर तिच्यावर अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको. कलादालनाच्या तळमजल्यावर दीड हात रुंदीची काचेची पेटी, वरून दिवा. पेटीत एक पांढरं कार्ड आणि त्यावर तिचं नाव, शुद्धलेखनाच्या चुकीशिवाय. आणि एक तिसरी गोष्ट होती, जिच्यासाठी तिने पहिल्या दोन्हींवर पाणी सोडलं असतं. ती म्हणजे थोरल्या भावाच्या तोंडून तीन शब्द: ‘हा डाग झाला.’

सोनाराच्या दुकानात डाग म्हणजे दागिना. कपड्यावर पडतो तोही डागच, पण त्या अर्थाने हा शब्द दुकानात काढायची सोय नव्हती. शर्टावर चहा सांडला तर वहिनी ‘ठिपका पडला’ म्हणायची. वडील असताना ते वर्षातून चार-पाच वेळा कानस खाली ठेवत आणि हातातला जिन्नस उजेडात धरून म्हणत, ‘हा डाग झाला.’ म्हणजे आता याला घासायला, तासायला, सुधारायला काही उरलं नाही. दादा त्यांच्याहून काटकसरी निघाला. स्वतःच्या कामाला तो वर्षाआड एकदा हे वाक्य लावी. धाकटीच्या कामाला बारा वर्षांत एकदाही लावलेलं नव्हतं.

त्याचं कारण उघड होतं. धाकटीचे दागिने सायकलच्या ट्यूबचे असत, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे, एक्स-रेच्या फिल्मचे, टूथब्रशच्या दांड्यांचे. मोठ्या शहरातले लोक ते घालत, मासिकांत त्यांचे फोटो येत. दादा ते फोटो नीट बघे, मासिक सरळ घडीवर मिटे आणि विचारे, “छान आहे. याला मुंग्या नाही ना लागणार?”

दुकान पुढे, कामाची खोली मागे, मधे एक जाड पडदा. मागच्या खोलीत दोन टेबलं होती: दादाचं भिंतीकडे, पोटाशी चामड्याची झोळी बांधलेलं, कानसलेल्या सोन्याचा कणही खाली जाऊ नये म्हणून, आणि धाकटीचं खिडकीकडे, ज्याच्याखाली काय काय पडलेलं असे ते विचारू नये. मोडीचे डबेही दोन. मोड म्हणजे वितळवायला आलेलं जुनं, मोडकं सोनं. दादाचा मोडीचा डबा लोखंडी आणि कुलपाचा. धाकटीचा बिस्किटांचा, बिनझाकणाचा. त्यावर वडिलांनी एकदा थट्टेत लाल रंगाने लिहिलं होतं, ‘मोड, बिनसोन्याची’.

हा डबा गल्लीला फार मानवला होता. लोकांना वस्तू टाकायची असते, पण टाकल्याचं पाप नको असतं. तुटकी चेन, मुका झालेला रिमोट, जळका दिवा, चष्म्याची एक दांडी असं काहीही कागदात गुंडाळून लोक काउंटरवर आणून ठेवत आणि सगळे एकच वाक्य बोलत, “याचं काही होतंय का बघा.” वहिनी न बघता ते डब्यात टाकत असे. लोक हलके होऊन घरी जात.

टायपिस्टबाई आल्या त्या एका मंगळवारी, दुपारी. नोकरी सोडून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, टाइपरायटर तर त्याआधीच गेला होता, पण गल्लीत त्या टायपिस्टबाईच. वहिनीच्या एका हातात गिऱ्हाइकाचे कानातले होते, दुसरा हात काट्यावर, आणि मान आणि खांद्याच्या मधे फोन, ज्यातून तिची बहीण गेली वीस मिनिटं आपल्या जावेचं पुराण सांगत होती.

“हे मोडलंय हो,” बाई म्हणाल्या.

“ठेवा तिथे.”

“याचं काही होतंय का बघा.”

“बघू की.”

बाई घुटमळल्या. “पावती?”

वहिनीने तेव्हा पहिल्यांदा पुडीकडे पाहिलं. कागदाच्या तोंडातून लोखंडाची तार दिसत होती. ती हसली, वाईट नाही, मायेनेच. “अहो, याची कसली पावती?”

बाईंना वाटलं आपण अविश्वास दाखवला. “नाही, नाही, राहू दे,” म्हणून त्या चटकन पायरी उतरल्या. फोनमध्ये जाऊबाई भांडी आपटत होत्या. पुडी बिस्किटांच्या डब्यात गेली.

सोनाराला ‘काही होतंय का बघा’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘नीट करून द्या’. धाकटीला म्हटलं की ‘तुमचं काय ते करा’. एकाच काउंटरवर दोन धंदे असले की एका वाक्याला दोन पाय फुटतात. इतकी वर्षं दुकानात कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण इतकी वर्षं सोनाराकडे कुणी लोखंड दुरुस्तीला आणलं नव्हतं.

दोन दिवसांनी धाकटीने पुडी उघडली आणि स्टुलावर बसली.

ते एक कडं होतं. पोलादाच्या बारीक तारांचे आठ पदर, एकमेकांतून अशा रीतीने विणलेले की बोट फिरवलं तर कुठेही टोक लागत नव्हतं. पदरांची तोंडं पितळेच्या एका गोल बटणाच्या पाठीत बसवलेली, त्यातलं एक सुटलेलं. बटणावर आकडा: ४. तो इतका झिजला होता की बघण्यापेक्षा चाचपून लवकर वाचता येई.

कलादालनातल्या प्रदर्शनाला पाच आठवडे उरले होते. तिच्या हाराला मध्य सापडत नव्हता. ट्यूबच्या काळ्या कड्या झाल्या होत्या, एक्स-रेच्या फिल्मची पानं कापून झाली होती, सगळं होतं आणि तरी ते एका ठिकाणी येत नव्हतं. आता ती बटण हारावर धरून बघते, तर सगळं त्याच्याकडे तोंड करून उभं.

“वहिनी, हे कुणी दिलं?”

“कुणीतरी बाई. मी फोनवर होते गं. का?”

“काही नाही.”

इथे तिने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: कुठली बाई? तो तिला सुचला नाही असं नाही. सुचला, आणि तिने गिळला, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. तिने पक्कड घेतली आणि विणीचे अकरा तुकडे केले.

हार झाला तेव्हा तिने तो दादाच्या टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेली. ती नेहमी तसंच करी, म्हणजे तो काही बोलला नाही तर ऐकायला कुणी नव्हतं असं म्हणता येतं. दादाने भिंग डोळ्यात अडकवलं. ट्यूबच्या कड्यांवरून तो पुढे सरकला, पानांवरून सरकला, मधे आला आणि थांबला. विणीचा एक तुकडा त्याने नखाने उलटा केला. सुलटा केला. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

“हा डाग झाला,” तो म्हणाला.

धाकटी दारात पेला धरून उभी होती. बारा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं की माणूस आधी ते खरंच ऐकलं का याची खात्री करतो. ती करायच्या आत दादाने विचारलं, “ही वीण कुठे शिकलीस? मला सोन्यात चार पदरांच्या पुढे येत नाही.”

“जमली,” ती म्हणाली.

तीन अक्षरं. याहून स्वस्तात कुणी खोटं बोललं नसेल.

दादाने त्याच संध्याकाळी समोरच्या घड्याळजीला सांगितलं, “बहिणीने डाग केलाय.” घड्याळजीने घड्याळाचं काम सोडून मान वर केली, म्हणजे बातमी केवढी होती ते समजा.

हार न्यायला प्रदर्शनाची गाडी शुक्रवारी येणार होती. टायपिस्टबाई बुधवारी आल्या.

“झालं का माझं कडं?”

वहिनीला आधी कळलंच नाही. “कुठलं कडं, बाई?”

“तारेचं. बटणाचं. मी म्हटलं महिना झाला, एव्हाना झालं असेल.” मग, वहिनीचा चेहरा बघून, त्या समजावून सांगू लागल्या, जणू गोंधळ वहिनीचा नसून वस्तूचाच होता. “आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या कचेरीची लिफ्ट त्यांच्याकडे. मी चौथ्या मजल्यावर. सुरुवातीला ती लिफ्ट आठवड्यातून तीनदा बंद पडायची, आणि दर वेळी चौथ्याच मजल्यावर. लग्न झाल्यावर एकदाही पडली नाही.”

वहिनीला हसू आलं आणि ते तोंडावरच अडकलं.

“पुढे लिफ्ट बदलली. तेव्हा हे जुन्या दोरातल्या तारा घेऊन आले आणि माझ्या मजल्याचं बटण. सोनं परवडत नव्हतं असं नाही हो. म्हणाले, सोनं काय, कुणीही देतं.” बाईंनी उजव्या मनगटावर डावा अंगठा ठेवला, जिथे काही नव्हतं तिथे. “वाईट दिसतं का असं हातात घातलेलं?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “काम जरा नाजूक आहे, बाई. चाललंय.”

“घाई नाही. महिनाअखेर मुलीकडे जातेय, कायमची. तोवर द्या म्हणजे झालं.”

पडद्यामागे धाकटीने हे सगळं ऐकलं. दादानेही. बाईंची पावलं गल्लीच्या वळणापर्यंत गेली. मग दादाने झोळीवरचे हात झटकले.

“काढ ते.”

“काय काढू? अकरा तुकडे केलेत.”

“बटण तर अख्खं आहे.”

“बटण काढलं तर उरतं काय? सायकलची ट्यूब.”

“आजवर ट्यूबच होती. तुझं काही अडलं नव्हतं.”

वहिनी आत आली होती. “चूक माझी आहे. पावती मागत होत्या, मीच हसले. मी जाऊन सांगते त्यांना.”

“काय सांगशील?” दादाने विचारलं.

“खरं. दुसरं काय असतं सांगायला?”

“थांबा ना जरा,” धाकटी म्हणाली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. “प्रदर्शन अठ्ठावीसला संपतं. हार परत येतो. मी बटण काढते, तुकडे जोडते. बाई तीसला जातात. मधे दोन दिवस मिळतात.”

“दोन दिवसांत ते तुकडे जोडशील? तू?” दादाने भिंगाची काच उगाच पुसली. “वीण जमली म्हणालीस.”

दादाकडे पक्कड होती, हार हाताशी होता, आणि तो या घरातला थोरला होता. पाच मिनिटांचं काम. पण त्याने ‘हा डाग झाला’ म्हटलं होतं, आणि समोर घड्याळजी बसला होता. दिलेलं सोनं परत घेता येतं. दिलेला शब्द सोनाराला परत घेता येत नाही. त्याने गॅसची बत्ती पेटवली आणि आपलं काम पुढे ओढलं. वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती पुढे जाऊन बसली. शुक्रवारी गाडी आली.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी दालनाच्या प्रमुख बाईंनी धाकटीला बाजूला घेतलं. हार कायमचा ठेवून घ्यायचा ठरला होता, दालनाच्या स्वतःच्या संग्रहात. असं त्यांनी याआधी दोघांच्याच बाबतीत केलं होतं, आणि ते दोघंही आता हयात नव्हते. कागद तयार होता. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की वापरलेलं सगळं साहित्य टाकून दिलेलं असून त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. प्रमुख बाई पेनचं टोपण काढून उभ्या. मागे पाच-सहा माणसं हसऱ्या तोंडाने टाळ्या वाजवायच्या तयारीत.

सही करताना तिला टायपिस्टबाई आठवल्या का? आठवल्या. म्हणून तर सही वाकडी आली. पण वाकडी सहीसुद्धा चालते.

घरी येऊन तिने सांगितलं, तेव्हा वहिनीने फक्त विचारलं, “मग आता तीस तारखेला त्यांच्या हातात काय ठेवायचं?” दादा बुधवारपासून मान खाली घालून कामाला लागला होता. त्याच्या टेबलावर, सोन्याच्या शेजारी, काळ्या पोलादी तारेचं एक भेंडोळं येऊन पडलं होतं. त्याची बोटं कापलेली होती.

दोन दिवसांनी धाकटी टायपिस्टबाईंच्या दारात उभी राहिली. एवढं मात्र तिने केलं, आणि ते तिच्या बाजूला धरायला हवं. घरात दोरीने बांधलेली खोकी होती. तिने उंबऱ्यावरच सांगितलं, काय झालं, कसं झालं, सही केली तेही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “थांबा, साडी बदलते. बघून तरी येऊ.”

दालनात त्यांनी पेटीसमोर चष्मा बदलला. हाराकडे आधी पाहिलंच नाही. कार्ड वाचलं, हळू आवाजात, बोट न लावता ओळीखाली बोट धरून, मजकूर तपासतात तसं.

“साहित्य: टाकून दिलेली सायकलची ट्यूब, टाकून दिलेली एक्स-रे फिल्म, टाकून दिलेली तार, टाकून दिलेलं बटण.” त्या थांबल्या. “चार वेळा ‘टाकून दिलेलं’. आम्ही एकदा टाइप करून खाली टिंबं द्यायचो.”



“मी टाकलं नव्हतं, पण,” बाई म्हणाल्या.

“मला माहीत नव्हतं.”

हे त्या बुधवारपर्यंत खरं होतं. त्यानंतर त्याची मुदत संपली होती, आणि बाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांनाही तारीख मोजता येत असावी.

“परत नाही मिळायचं?”

“सही केलीय मी.”

“मग झालं.” बाईंनी मान हलवली. “तीस वर्षं मी लोकांच्या सह्यांचे कागद टाइप केले. सही झालेला कागद कोरा होत नाही.”

आणि मग त्यांनी हाराकडे पाहिलं. तुकडे मोजले, ओठ हलवत, अकरा. मग हात उचलला आणि बटणाच्या बरोब्बर समोर, काचेवर, अंगठा टेकवून दाबला. कोपऱ्यातला रखवालदार पुढे आला. “काचेला हात नका लावू, आजी.”

“बटण आहे ना,” त्या हात मागे घेत म्हणाल्या. “दाबायची सवय.”

काचेवर अंगठ्याचा ठसा राहिला. रखवालदाराने फडक्याने तो पुसला. धाकटी ते बघत होती, आणि तेव्हा तिला उमगलं की या पेटीत जो डाग आहे तो तिने केलेला नाही. तो वीस-बावीस वर्षांपूर्वी एका लिफ्टवाल्याने करून ठेवला होता. तिने फक्त पाडला. वहिनी म्हणते तो ठिपका.

तीस तारखेला सकाळी बाई दुकानात आल्या, सामानाची गाडी वळणावर उभी करून. दादा स्वतः पुढे आला. त्याने मखमलीच्या डबीतून कडं काढलं. आठ पदर होते. सात त्याला साधले होते. आठवा दर दोन बोटांवर थोडा वर येत होता, आणि कितीही ठोकला तरी बसत नव्हता, कारण पोलाद सोन्यासारखं ऐकत नाही. मधे पितळेची गोल चकती आणि तिच्यावर त्याने हाताने कोरलेला ४, धारदार कडांचा, नवाकोरा.

बाईंनी ते घातलं. अंगठा चकतीवर फिरवला. तो कडांना अडला, तसा त्यांनी काढून घेतला.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “मजुरी किती?”

“काही नाही, बाई,” वहिनी म्हणाली. “याची कसली...” आणि तिचं वाक्य तिथेच बसलं.

“केलेल्या कामाचे पैसे द्यायचे असतात. आणि या वेळी पावती द्या.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. त्याने खाली बघत एक आकडा सांगितला, आणि तो फार कमी होता. वहिनीने पावती लिहिली: कडं, एक. दुरुस्ती. बाईंनी ती चष्म्यापाशी धरून वाचली आणि परत दिली.

“दुरुस्ती नाही. नवीन.”

वहिनीने शब्द खोडला आणि वर नवा लिहिला. धाकटी पडद्याला धरून उभी होती. तिला म्हणायचं होतं ते तिने तीन वेळा मनात जुळवलं होतं. चौथ्या वेळेपर्यंत बाई पायरी उतरून गेल्या होत्या.

आता शेवटची बेरीज. काचेची पेटी धाकटीला मिळाली. ती अजून तिथेच आहे, दिवाही चालू आहे. कार्डावर नाव आहे, शुद्ध. दादाचे तीन शब्दही तिच्याच नावावर राहिले, त्याने ते कधी परत मागितले नाहीत. फक्त त्यानंतर त्याने ते कुणालाच लावले नाहीत, स्वतःच्या सोन्यालाही नाही. आता काम संपलं की तो कानस ठेवतो आणि म्हणतो, “ठीक आहे.” वहिनी जळक्या दिव्यालाही नाव-पत्ता विचारून पावती फाडते, त्यामुळे काउंटरवर आता कुणी काही आणून ठेवत नाही, बिस्किटांचा डबा रिकामा आहे आणि धाकटी भंगारवाल्याकडून किलोवर माल आणते. त्यात वस्तू सगळ्या असतात, पण त्यातली एकही कुणी हातात धरून आणलेली नसते, आणि तिचे हार तेव्हापासून एका ठिकाणी येत नाहीत.

हे झालं ज्याचं त्याचं. रोख पैसे मोजले ते एकट्या टायपिस्टबाईंनी, सुटे, पर्समधून एकेक काढून.